दादाचा नंबर

४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

सलाम. तू फोन उचलत नाहीस, हे मी आता मनावर घेणं सोडलंय. तुझ्या आईने सांगितलं, हॉस्पिटलमधून तो फोन आल्यापासून रिंग वाजली की तू खोलीबाहेर निघून जातेस. म्हणून लिहितेय. माझं अक्षर लागलं नाही तर तुझ्या चष्म्याच्या दुकानातली भिंगं वापर.

बातमी अशी की पाळकसाहेबांनी तरुण संघ माझ्या गळ्यात मारला. दादा गेला तेव्हापासून संघ बंदच होता. परवा उपासना संपल्यावर त्यांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "भावाचं काम बहिणीने पुढे न्यावं." मी म्हटलं, साहेब, मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताशी उभी असते. कापूस देते, लाळ ओढायची नळी धरते. मी तरुण मुलांना काय शिकवणार? तर म्हणाले, "लोकांना तोंड उघडायला लावता ना, तेवढं आलं तरी पुष्कळ झालं."

काल पहिली बैठक झाली. चर्चच्या मागची ती वरची खोली अजून तशीच आहे, गिटारची एक तार तुटलेली, फळ्यावर दादाच्या अक्षरातलं अर्धं पुसलेलं काहीतरी. मुलं आली, गुपचूप गोलात बसली. एकच खुर्ची उरली होती म्हणून मी बसले, तर सगळ्यांचा श्वास अडकला. एकीने हळूच म्हटलं, "ताई, तिथं नको." ती त्याची होती. मी उठले आणि पूर्ण वेळ उभ्यानेच बोलले. काय बोलले ते मलाही आठवत नाही.

वहिनी, एक गोष्ट पाठ सोडत नाही. त्या संध्याकाळी कुणीतरी त्याला फोन केला आणि तो ताटावरून उठून गेला. कोण होतं ते अजून कुणी पुढे येऊन सांगितलेलं नाही. पोलिसांना त्याला उडवणाऱ्या ट्रकवाल्याशी कर्तव्य होतं, फोनशी नाही. आता मी एकेका चेहऱ्याकडे बघते आणि मनात येतं, तू होतास का? तू होतीस का?

तुम्ही दोघांनी मिळून गावोगावच्या युवा कार्यकर्त्यांना शिकवलंत. आता एका घरच्या माणसाला शिकव. पत्रातून का होईना.

तुझी,
बारकी

१६ सप्टेंबर

बारके,

मी तुला नाही म्हणणार होते. तसं पत्र लिहूनही झालं होतं.

इथे दुकानात मी लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावते. खालच्या ओळीवर सगळेच अडखळतात. मग मी काच बदलते, त्यांना दिसायला लागतं, ते घरी जातात. कुणी माझ्यासमोर रडत नाही, मला प्रार्थना करायला सांगत नाही. मला हे मानवलंय. शिबिरं, प्रशिक्षण, ते सगळं मी त्याच्याबरोबर पुरलं.

पण तू पूर्ण वेळ उभी राहिलीस हे वाचलं आणि झोप लागेना. असं काम करून माणूस टिकत नाही. तेव्हा ऐक.

त्या खुर्चीचं काय करायचं ते मुलांना विचार. तू होऊन काढू नकोस आणि रिकामी ठेवून तिची पूजाही होऊ देऊ नकोस. एकटी काम करू नकोस. आधी दुसरं मोठं माणूस शोध, मग पुढची बैठक घे. कुठल्याही मुलाला भेटायला जाताना ते माणूस बरोबर हवं, आणि कुठे चाललात ते तिसऱ्याला माहीत हवं. हा नियम आम्ही प्रत्येक शिबिरात पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचो. तुझा दादा लिहायचा, सुवाच्य अक्षरात. आणि त्या दिवशी एकटाच गेला.

कुणी मन मोकळं करायला आलं तर ऐकण्याआधीच सांगायचं, की तुझं मी चारचौघांत नेणार नाही, पण जिवाला धोका असेल तर गप्पही बसणार नाही. आणि स्वतःला रोज बजाव, की तू त्यांची तारणारी नाहीस. ती जागा आधीच भरलेली आहे.

राहिलं ते चेहरे शोधणं. ते थांबव. आणि चुकून कळलंच, तर मला नाव सांगू नकोस. मला त्या लेकराचा द्वेष करायचा नाही, आणि नाव कळलं तर मी करेन.

वहिनी

९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

दुसरं माणूस मिळालं! आपले गणिताचे सर, रिटायर झालेले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा' ने सुरू होतं. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "समजा, देव आहे." पाळकसाहेब दारातच उभे होते, त्यांच्या भुवया टकलापर्यंत गेल्या. मुलं मात्र इतकी हसली की खोलीतली मरगळच गेली. त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

खुर्चीचं त्यांनाच विचारलं. खूप वाद झाला. शेवटी ठरलं, ज्याचा आठवडा वाईट गेला असेल त्याने तिथे बसायचं. आम्ही कारण विचारायचं नाही. गेल्या खेपेला तीन जण एकदम उठले आणि आळीपाळीने बसले.

एक मुलगी मात्र अजून आलेली नाही. बेकरीत कामाला आहे ती, दादाच्या वेळी सगळ्यांच्या आधी येऊन खोली झाडायची म्हणे. मी मुद्दाम बेकरीत गेले. तिने ब्रेड बांधून दिला, पण मान वर केली नाही.

आणि संघाच्या फोनवर दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाचा तरी फोन येतो. पलीकडून कुणी बोलत नाही. नुसता श्वास, मागे गाड्यांचे आवाज, कुणीतरी ओरडून गावांची नावं घेतंय. मी 'कोण? कोण?' करते आणि फोन बंद होतो. अशा वेळी काय करायचं?

हवेत गारवा आलाय. मी दादाचं जाकीट काढलंय. परवा ते घालून जिना चढून वर आले तर खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. मुलं दाराकडे बघत होती. आत आलेली मी आहे हे पाहिल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. वहिनी, आपल्याला बघून कुणाचा चेहरा असा उतरला की कसं वाटतं, ते सांगता येत नाही.

झोप बरी आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
बारकी

१८ ऑक्टोबर

बारके,

'झोप बरी आहे' असं ज्याला लिहावं लागतं त्याची झोप बरी नसते. शिबिराला येणारे सगळे कार्यकर्ते पहिल्या दिवशी हेच सांगायचे. जाकीट धुऊन घडी करून ठेव. तुझ्या मापाचं दुसरं घे.

न बोलणाऱ्याला 'कोण' विचारायचं नाही. म्हणायचं, मी आहे, काही बोललं नाही तरी चालेल. आपण किती वेळ थांबणार ते सांगायचं आणि तितका वेळ खरंच थांबायचं. ठेवताना सांगून ठेवायचा. शेवटी आणखी एका भल्या माणसाचा नंबर द्यायचा, म्हणजे त्या जिवाला वाटणार नाही की साऱ्या जगात हा एकच दोर आहे.

आणि हा संघाचा फोन कधी घेतलात? आमच्या वेळी नव्हता.

२१ ऑक्टोबर

पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं असं म्हणू की वाईट, कळत नाही.

तुला एक सांगते, हसू नकोस. मी फोन उचलत नाही, पण अधूनमधून त्याचा नंबर लावते. पलीकडून ती बाई सांगते की हा नंबर बंद आहे. मला ते ऐकायचं असतं. एकदा ऐकलं की आठवडाभर चालतं.

मध्ये बरेच दिवस धीर धरला होता. आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लावला. बारके, तो वाजला. वाजत राहिला. माझ्या हातातून फ्रेम पडली. मग कुणीतरी उचलला आणि बोलायच्या आधी घसा खाकरला. त्याच्यासारखा. तो 'हॅलो' म्हणायच्या आधी जसा खाकरायचा अगदी तसाच.

मी कट केला. मालकीणबाई म्हणाल्या, तुमच्या चेहऱ्यावर रक्त नाही. आईला सांगितलेलं नाही. मी शिकवलेल्या बायकांनी मला असं काही सांगितलं असतं तर मी त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं. तू सांग, मी काय करू?

वहिनी

२५ ऑक्टोबर

वहिनी,

तू ठीक आहेस. तुला काही झालेलं नाही. ती मी होते.

बोलण्याआधी खाकरायची सवय आमच्या बाबांची, आम्हा दोघांनाही लागली. दादाच्या सिमवर कुणाचेच नंबर निघाले नाहीत, आणि तुझा मला पाठ नाही. मला वाटलं, संघातलंच कुणीतरी असेल.

त्याच्या फुटलेल्या फोनमधलं ते सिम मी बंद नंबर चालू करून माझ्या जुन्या हँडसेटमध्ये घातलं. संघ हातात घेतला त्याच आठवड्यात. मुलांचे नंबर मिळावेत एवढाच हेतू होता, देवाशपथ. पण चालू केल्याबरोबर मेसेज पडायला लागले. ती मुलं त्याला लिहीतच होती. 'दादा, पेपर सोपा होता.' 'दादा, आज आई माझ्याशी बोलली.' 'दादा, तुम्ही वाचताय का?' त्या पहिल्याला मी उत्तर दिलं. 'छान' एवढंच लिहिलं. पुढे आणखी काहींना लिहिलं. कोण लिहितंय ते सांगितलं नाही. संघाचा फोन म्हणजे तोच.

अजून आहे. शुक्रवारी तो न बोलणारा फोन आला. तुझं पत्र पोहोचायचं होतं, पण मी दमले होते म्हणून या वेळी 'कोण' म्हटलं नाही. गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलली. "ताई, दादा निघाले तेव्हा चिडले होते का?"

आवाज मी ओळखला, आणि लक्षात आलं, त्या संध्याकाळी दादाला फोन करणारी हीच. मी घाईघाईने म्हटलं, "नाही गं, हसत हसत निघाला." ती म्हणाली, "तुम्ही तिथं होता?" मी उलट विचारलं, तू कुठून बोलतेस. "खोटं," म्हणाली आणि ठेवला.

तेव्हापासून ती कामावर गेलेली नाही. घरी गेले तर आई म्हणाली झोपलीये, कुणाशी बोलत नाही, नीट जेवतही नाही. नाव लिहीत नाही, तू नको म्हणालीस. मला रागाव, पण पुढे काय करू ते सांग.

बारकी

२८ ऑक्टोबर

बारके,

कुरिअरने पाठवतेय, पोस्टावर विसंबायला नको.

मेलेल्या माणसाच्या तोंडून बोलायचं नाही. हा नियम आमच्या पुस्तकात नव्हता, कारण तो कुणाला लिहावा लागेल असं वाटलं नव्हतं. मला इतका राग आलाय की काल एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी चुकीच्या नंबरचा चष्मा लावला. आणि तरी खरं सांगू, तू उचललास त्या एका क्षणापुरता तो होता. त्याचा राग जास्त आलाय.

आता कामाचं. मुलांना सगळं खरं सांग, सर आणि पाळकसाहेबांच्या देखत. ज्यांना उत्तरं दिलीस त्यांची एकेकाची वेगळी माफी माग. नंबर बंद कर, पण आधी सांगून, त्यांना शेवटचं काही लिहायचं असेल तर लिहू दे. संघासाठी नवा नंबर घ्या आणि तो तू आणि सरांनी आठवडा वाटून सांभाळा.

त्या मुलीकडे लगेच जा. एकटी नको. सरांना ने, तिच्या आईला सगळं सांग. तिला सरळ विचार, मरून जावंसं वाटतं का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, असलं तर बाहेर येतं. हो म्हणाली तर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. आणि तिला खूश करायला एक शब्दही खोटा बोलू नकोस.

तिचं नाव सांग. राग यायचा तो येऊ दे.

वहिनी

६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

ती बेकरीतली मुलगी.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आम्ही गेलो. मी विचारलं, तू सांगितलंस तसंच, सरळ. म्हणाली, मरायचं नाही, पण जगायचं कसं ते कळत नाही. तिच्या आईला घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिला औषधं चालू झाली आहेत, दर आठवड्याला जाऊन बोलायचं आहे. शिक्षण थांबवलं म्हणून घरात भांडण झालं होतं, ती पिशवी घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसली होती आणि तिथून तिने दादाला फोन केला होता, हे तिच्या आईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग शुक्रवार आला. संध्याकाळी आईचा फोन, पोर घरात नाही. मी आणि सर तडक स्टँडवर गेलो. वेळापत्रकाच्या पाटीखाली एका बाकावर बसली होती. मी म्हटलं, चल घरी. नुसती मान हलवली. सर म्हणाले, "समजा, आम्ही दोघं पण इथेच बसलो तर?" आणि बसले. गाड्या येत होत्या, कंडक्टर गावांची नावं पुकारत होते. बऱ्याच वेळाने ती बोलली.

वहिनी, तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "दादा म्हणाले होते, तिथेच बस, हलू नकोस, मी येतोय. मग ते आलेच नाहीत. मी घरी गेले, पण मला 'ऊठ' असं अजून कुणी म्हटलंच नाही." दर शुक्रवारी ती तिथे येऊन बसते. फोन करते तो तिथूनच.

शेवटची गाडी लागली तेव्हा ती आमच्याबरोबर आली. पण पुढच्या शुक्रवारी परत जाणार म्हणते. आणि दादा चिडले होते का, ते तिला त्या वेळी घरात असलेल्या माणसालाच विचारायचंय. तुला यायला लावण्याचा मला काही हक्क नाही. फक्त कळवतेय.

मुलांना सगळं सांगितलं. आम्ही ज्याला जिराफ म्हणतो तो उंच मुलगा म्हणाला, "ताई, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दादा 'छान' कधीच लिहायचे नाहीत, 'भारी' लिहायचे." मी विचारलं, मग तरी लिहीत का राहिलात? तर खाली बघून म्हणाला, "कुणीतरी वाचत होतं ना."

तुझी,
बारकी

२० नोव्हेंबर

बारके,

तुझ्याकडे दोन दिवस राहिले, तू विचारलं नाहीस, हे शिकलीस असं समजते. त्या मुलीला विचारूनच लिहितेय.

स्टँडवर मी तिच्याशेजारी जाऊन बसले तेव्हा तिने ओळखलं नाही. माझे केस किती पांढरे झालेत ते तुला माहीतच आहे. मी कोण ते सांगितलं, तशी ती बाकाच्या टोकाला सरकली. मग तिने विचारलं, चिडले होते का.

मी म्हटलं, हो, चिडला होता. ताटावरून उठावं लागलं की तो चिडायचाच. "जेवूही देत नाहीत ही पोरं," म्हणाला. गाडीची किल्ली सापडेना म्हणून माझ्यावर ओरडला. ती रडायला लागली. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर ते अर्धंच खरं झालं असतं. म्हटलं, दारापर्यंत गेला आणि परत आला. "ताट झाकून ठेव," म्हणाला. "ती उपाशी असेल. घेऊन आलो की दोघं जेवू."

तिने ओढणीने डोळे पुसले. मग तिने विचारलं, "तुम्ही ताट किती वेळ झाकून ठेवलंत?"

हे आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं. तुला नाही सांगणार.

तुला वाटत असेल मी तिला जवळ घेतलं. नाही घेतलं. माझ्या मनात द्वेष होता, मी येताना बरोबर घेऊनच आले होते. तिच्या हातांना ओव्हनचे चटके बसलेले दिसले, नखात पीठ होतं, आणि तो द्वेष कुठे ठेवावा ते मला कळेना. इतके महिने मी ज्याला मनातल्या मनात शिव्याशाप देत होते ते एक मूल होतं, एवढंच.

गाडी लागली. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "चल, ऊठ आता. त्याने मला पाठवलेलं नाही, तो आता कुणालाच पाठवत नाही. मी म्हणतेय. ऊठ." तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. माझ्या दंडाला धरून उभी राहिली आणि तिच्या घराचं दार येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

पाळकसाहेबांनी मला पुन्हा शिबिरं घ्याल का म्हणून विचारलं होतं, त्यांना हो कळव. महिन्यातून एका शनिवारी येईन. आसपासच्या मंडळ्यांतले कार्यकर्ते येतील तेवढे येऊ देत, सरांनाही बसव. शिकवायला नाही, आधी त्यांचं ऐकायला. या पोरांचं ऐकून ऐकून त्यांच्या पोटात काय साचलंय, ते कधी कुणी विचारत नाही.

परतीची गाडी त्याच्या अपघाताच्या रस्त्याने गेली. येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले होते. वळण जवळ आलं तेव्हा धुकं होतं, ड्रायव्हरने वेग कमी केला. मी खिडकीची काच पुसली. हे सगळे महिने मला एकच भीती होती, की तिथून गेले तर तो मला दिसेल, रस्त्याच्या कडेला उभा, हेल्मेट हातात घेऊन. म्हणून गेले नव्हते.

दिसला नाही, बारके. साधं वळण होतं. कठड्याला नवा रंग दिलेला, खाली झुडपं. गाडी पुढे गेली. मी मागे वळून काच धुरकटेपर्यंत बघत राहिले. तिथे कुणीही नव्हतं, आणि मग मात्र मला आवरलं नाही. सगळ्या गाडीत ऐकू जाईल अशी मी रडले. शेजारी एक अनोळखी बाई होती. तिने काही विचारलं नाही. मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि मला टेकता यावं म्हणून थोडी माझ्याकडे सरकली.

तुझी,
वहिनी